किल्ल्याखाली सहकुटुंब जेवणाची सोय

१ डिसेंबर १९५३, मंगळवार
पावसकरांचं पत्र. नाताळात सहकुटुंब येतायत. पावसकर म्हणजे माझे साडू, हिच्या धाकट्या बहिणीचे, सखूचे यजमान. मुंबईला वर्कशॉपात फोरमन. अक्षर सुंदर, मजकूर खोचक. लिहितात, भगवती किल्ला पाहायची मुलांना फार हौस आहे. पण तिथं आसपास बायकामुलांना घेऊन जेवता येईल असं काही आहे का, की रत्नागिरीत अजून सगळं घरूनच बांधून न्यावं लागतं?
'अजून' हा शब्द झोंबला. उलट टपाली कळवलं: सोय फर्स्टक्लास आहे, काळजी नसावी.
आता सोय शोधली पाहिजे.

२ डिसेंबर, बुधवार
हिला सांगितलं. वाटलं होतं म्हणेल, कशाला खर्च, मी करते की घरी. तसं म्हणाली नाही. पोळपाट बाजूला सारून नीट माझ्याकडे वळून बसली. म्हणाली, खरंच बाहेर जेवायचं? मी म्हटलं, शब्द दिलाय.
मग म्हणाली, सखू आली की मी चुलीपाशी आणि ती माजघरात, सगळं बोलणं धुरातून. एक दिवस, एकच, आम्ही दोघी शेजारी पाटावर बसू आणि वाढेल दुसरं कुणीतरी. एवढं कराच.
सखूचं तान्हं मूल गेल्या वर्षी आषाढात गेलं. तेव्हा हिला जाता आलं नाही. बोटी बंद होत्या, आणि घाटातून एस.टी.नं जायचं तर मला रजा नव्हती. म्हणजे रजा होती, पण ती गणपतीसाठी ठेवली होती. असो. सखूला हिनंच लहानाची मोठी केली. आमची एकुलती लेक लग्न होऊन दाभोळला गेली तेव्हाही ही इतकी रडली नव्हती.
हिला म्हटलं, सगळं माझ्यावर सोड. मी मांडवीला बोटीच्या एजंटाकडे कारकून आहे. शेकडो उतारू, पेट्या, आंब्याच्या करंड्या मी मार्गी लावतो. सहा माणसांचं जेवण ते काय.

५ डिसेंबर, शनिवार
मोहीम सुरू. ऑफिस सुटल्यावर गोदूबाईंच्या खानावळीत गेलो. लग्नाआधी मी तिथं जेवत होतो. त्यांनी ओळखलं नाही. म्हटलं, नाताळात सहकुटुंब जेवायला यायचं म्हणतो.
गोदूबाई म्हणाल्या, बायकांना कशाला आणताव? घरची चूल मोडली काय?
समजावून सांगितलं, मुंबईत आता पद्धत आहे. त्या म्हणाल्या, मग मुंबईस जेवा.
तिथं बसलेले सगळे मास्तर आणि कारकून हसले. खानावळ किल्ल्यापासून लांबच आहे. आपल्याला किल्ल्याजवळची हवी. बरंच झालं.

६ डिसेंबर, रविवार
स्टँडजवळचं आप्पांचं बोर्डिंग. बाहेर पाटी आहे: 'स्त्रियांची स्वतंत्र सोय'. मन प्रसन्न झालं. आत जाऊन चौकशी केली. सोय अशी की पुरुषांच्या पंगती उठल्या, भांडी घासून झाली की अडीच-तीनच्या सुमारास बायकांना वाढतात. मुलं? मुलं कुणाबरोबर बसतात? आप्पा म्हणाले, मुलं आणूच नयेत, सांडतात.
पाटी मात्र फार सुबक आहे.

९ डिसेंबर, बुधवार
मांडवीवर विठूचं हॉटेल आहे. चहा-भजी. किल्ल्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरच. आज कळलं की त्याच्याकडे चक्क फॅमिली रूम आहे! इतकी वर्षं रोज समोरून जातो आणि पत्ता नाही. माणसानं डोळे उघडे ठेवले पाहिजेत.
मागच्या बाजूला जुन्या शिडाच्या कापडाचा पडदा. विठू म्हणाला, साहेब, आता नको, आत मंडळी आहेत. मी म्हटलं, मंडळी असली तर उलट उत्तमच, वातावरण पाहतो. पडदा सारला. आत आमच्याच ऑफिसातले दोघे आणि एक अनोळखी गृहस्थ कपबशीतून काहीतरी पीत होते. चहा नव्हता. दारूबंदी होऊन वर्षं झाली, पण वास लपत नाही. तिघंही दचकून उभे राहिले आणि मला नमस्कार केला.
विठू मला बाहेर घेऊन आला. हळूच म्हणाला, साहेब, फॅमिली रूम म्हणजे फॅमिलीला चुकवून येतात त्यांची रूम.
हिला इतकंच सांगितलं की तिथं हवा खेळती नाही.

१० डिसेंबर, गुरुवार
ऑफिसात ते दोघे माझ्याशी फार अदबीनं वागतायत. एकानं माझी पावतीबुकं स्वतः आणून दिली. वजन असावं लागतं माणसाला.

१२ डिसेंबर, शनिवार
सापडलं! मी म्हणत होतोच.
किल्ल्याच्या चढाखाली, अगदी रस्त्याला लागून शिवा नावाच्या माणसाचा नारळाच्या झापांचा मांडव आहे. बाक दोन, माठ एक, पलीकडे चूल. किल्ल्यावर दर्शनाला येणाऱ्यांना लिंबाचं सरबत आणि नारळ विकतो. पूर्वी मुंबईला कुठल्याशा क्लबात स्वैपाकी होता. म्हणाला, सांगाल तो बेत करीन. समोर समुद्र, मागे किल्ला, वारा असा की टोपी धरून बसावं लागतं. याहून फॅमिली जागा ती कुठली?
नमुन्यादाखल त्यानं बांगड्याचं तिखलं आणि भात वाढला. अप्रतिम. घरी आलो तर ही पान वाढून बसली होती. मी म्हटलं, पोट भरलंय. ही एकटीच जेवली.

१३ डिसेंबर, रविवार
चव एकदा बघून भागत नाही. आचाऱ्याचा हात रोज सारखाच आहे ना, हे तपासावं लागतं. परत शिवाकडे. आज कोलंबी. हात सारखाच आहे.
ही म्हणाली, मी पण येऊ का जागा बघायला? मी म्हटलं, नको, मग मजा जाते.

१५ डिसेंबर, मंगळवार
ऑफिसातून परस्पर शिवाकडे. मुलांना तिखट कितपत लागेल याचा अंदाज घेतला. सुरमई.

१६ डिसेंबर, बुधवार
आज शिवाला पक्की ऑर्डर दिली. सहा माणसं, मुलांसाठी कमी तिखट, भाकऱ्या गरम, सोलकढी भरपूर, बाकांवर स्वच्छ चादर. रविवारी बाराला. शिवानं विचारलं, कुठच्या आयतवारी? येत्या? मला हसू आलं. ही माणसं एकेक गोष्ट दहादा विचारतात. मी म्हटलं, अरे बाबा, रविवार म्हणजे रविवार. नाताळाचे पाहुणे आहेत, कळलं ना? तो मान हलवून म्हणाला, कळलं.
काम फत्ते. आता पाहुणे येईपर्यंत चिंता नाही.

२० डिसेंबर, रविवार
शिवाकडे गेलो नाही. माणसावर एकदा काम सोपवलं की सारखं डोक्यावर जाऊन बसू नये. शिवाय पोट जरा बिघडलंय. दिवसभर पडून होतो. ही पेज करून देत होती. आडवं पडून हिला सगळा प्रोग्रॅम सांगितला: सकाळी गाडी, देवीचं दर्शन, बुरुजावरून समुद्र, मग खाली उतरलं की पानं मांडलेली. हिनं विचारलं, वाढणार कोण? मी म्हटलं, शिवा. बसणार कुठे? बाकावर, तू आणि सखू, समुद्राकडे तोंड करून.
हिनं ट्रंकेतून जरीकाठी लुगडं काढून उन्हात घातलंय.

२५ डिसेंबर, शुक्रवार
मंडळी आली. बोट लांब उभी, पडावातून धक्क्यावर उतरली. पावसकरांनी उतरता उतरताच विचारलं, अजून पडावच काय हो? पुन्हा 'अजून'.
मुलगी आठ वर्षांची, मुलगा चार. सखूला मी आधी ओळखलंच नाही. गालफडं बसली आहेत. हिनं तिला जवळ घेतलं तर नुसती उभी राहिली. सामान मोजत राहिली.
पावसकरांना रस्त्यातच किल्ल्याखालच्या सोयीविषयी कल्पना दिली. 'रेस्टॉरंट' हा शब्द मी वापरला नाही, त्यांनीच वापरला. मी नाही म्हणालो नाही.

२६ डिसेंबर, शनिवार
सकाळपासून ही चुलीपाशी. घावणे, मग जेवण, मग चहा, मग पुन्हा जेवण. सखू माजघरात मुलांच्या मागे. दोघींचं बोलणं ऐकलं: मीठ कुठाय, याला उचल, तांब्या दे. बस्स. संध्याकाळी सखू पडवीत बसून विड्याची पानं पुसत होती. एकच पान कितीतरी वेळ पुसत होती.
पावसकर म्हणाले, अलीकडे ती अशीच असते, डॉक्टर म्हणतात हवापालट करा, म्हणून तर आणली. मग विषय बदलून त्यांनी ग्रँट रोडच्या हॉटेलात पंखे कसे आहेत ते सांगितलं.
मी मनात म्हटलं, उद्या बघा.

२७ डिसेंबर, रविवार
सविस्तर लिहितो.
गाडी वेळेवर. गाडीवान सदू. बैल सुस्त, पण चढच तसा आहे. देवीचं दर्शन उत्तम झालं. बुरुजावरून मिरकरवाड्याची गलबतं, एका अंगाला पांढऱ्या वाळूचा समुद्र, दुसऱ्या अंगाला काळ्या वाळूचा, लांब दीपगृह, सगळं मी दाखवलं. पावसकर टोपी धरून बघत राहिले. त्यांच्याकडे दाखवण्यासारखं नुसते पंखेच.
ही जरीकाठी लुगडं नेसली होती. उतरताना सखूचा हात धरून होती. मुलगा म्हणाला, भूक लागली. मी म्हटलं, वळणापलीकडेच बाळा, भाकऱ्या टम्म फुगतायत बघ.
वळणापलीकडे शिवाचा मांडव. चूल थंड. शिवा बाकावर आडवा पडून विडी ओढत होता. मला बघून उठलासुद्धा नाही.
मी म्हटलं, शिवा, पानं?
तो म्हणाला, कसली पानं? पानं गेल्या आयतवारी मांडली होती. आठ माणसांचा भात रांधला, म्हटलं मुंबईचे लोक दोन जादा येतील. सुरमई आणली. चादर घातली. बारा वाजले, दोन वाजले. दिवेलागणीला कुत्र्यांना घातलं साहेब. आणि मी विचारलं होतं, येत्या आयतवारी? तुम्ही काय म्हणालाव? रविवार म्हणजे रविवार.
मी म्हटलं, पण नाताळचे पाहुणे म्हटलं होतं! तो म्हणाला, मी हिंदू माणूस, मला काय ठाऊक नाताळ कंचा?
पावसकर म्हणाले, हेच का ते रेस्टॉरंट?
आता काही तरी कर, म्हणून शिवाला विनवलं. त्याच्याकडे तांदूळ नव्हता. मासे नव्हते. सरबत होतं. मुलांनी सरबत प्यायलं आणि भूक आणखी भडकली. मुलगा रडायला लागला. ही काही बोलेल म्हणून मी वाट पाहत होतो. ही माझ्याकडे बघतसुद्धा नव्हती. लुगड्याचा पदर चापूनचोपून नीट करत होती, परत परत.
ते मला बघवेना. मी म्हटलं, सगळे इथंच बसा, मी मांडवीवरून पाच मिनिटांत काही तरी आणतो. सदूचे बैल सोडलेले होते, तेव्हा पायीच निघालो. जवळजवळ धावतच.
विठूचं हॉटेल बंद. पोलीस येऊन गेले होते. बाजूच्या दुकानात चणे होते आणि बाहेर वेलची केळ्यांचा अर्धा घड. चणे मुलांना पचणार नाहीत. केळी घेतली. वाटेत दम लागला म्हणून दोनदा बसलो. एक केळं खाल्लं. मग आणखी एक. ताकद राहायला हवी होती.
परत आलो तर मांडवाखाली फक्त पावसकर. बूट काढून, मोजे बाकावर वाळत घालून बसलेले. म्हणाले, गेल्या.
कुठे? त्यांनी रस्त्यापलीकडच्या चिरेबंदी घराकडे बोट केलं. मुलाचं रडणं ऐकून त्या घरातली बाई दारात आली होती. मासूमा तिचं नाव, हे नंतर कळलं. नवरा आगबोटीवर खलाशी, घरात ती आणि म्हातारी सासू. दारातूनच हाक मारली, अगो बायांनो, पोरांना घेऊन उन्हात काय बसलाव, आत येवा. पावसकर अदबीनं उठले, तर ती म्हणाली, तुम्ही नाही हां भाऊ, घरात पुरुष माणूस नाही. तुम्ही सावलीत बसा.
पावसकर म्हणाले, मी आमच्या हिला खूण केली होती, मुसलमानांकडे कशाला म्हणून. पण तुमच्या मंडळी उठून चालायलाच लागल्या. आणि आमची पण मागोमाग गेली. विचारलं नाही.
मी म्हटलं, आपण काय करू शकतो.
आम्ही बसलो. घराच्या खिडकीला जाळी. आतून भाकऱ्या थापण्याचा आवाज. नारळ खवण्याचा आवाज. कालवणाचा वास यायला लागला, कुठला मासा ते ओळखायचा मी प्रयत्न केला, मग सोडून दिला. मुलांचा आवाज थांबला, म्हणजे मुलं जेवायला बसली. मग हिचा आवाज. हसली. मी हिला इतकं मोठ्यानं हसताना बऱ्याच दिवसांत ऐकलं नव्हतं. मग मासूमाही हसली, म्हातारीही. पावसकर म्हणाले, आपल्याला हसतायत का हो? मी म्हटलं, छे.
मग एकदम सगळं शांत झालं. आणि रडणं ऐकू आलं. आधी वाटलं मूल आहे. मूल नव्हतं. सखू होती. आवाज खूप खालून येतो तसा. मध्येच हिचा आवाज, मग मासूमाचा, काही तरी म्हणत होती, हळूहळू, एकसारखं. पावसकर बूट न घालताच उठले. दारापर्यंत गेले. मीही गेलो. दार नुसतं लोटलेलं होतं. आत जावं की नाही कळेना. जाऊन काय म्हणायचं तेही कळेना. पावसकरांचा हात कडीकडे गेला आणि तिथंच राहिला. मग ते परत आले आणि बाकावर बसून मोजे घालायला लागले. एक मोजा उलटा घातला. मी सांगितलं नाही.
मी केळी पुढे केली. त्यांनी खाल्ली. मीही खाल्ली. पंख्यांचा विषय निघाला नाही.
बऱ्याच वेळानं म्हातारी एक पितळी घेऊन दारात आली. त्यात दोन भाकऱ्या आणि वाटीभर कालवण. म्हणाली, आता एवढंच उरलंय बाबांनो, पोरी पोटभर जेवल्या. पावसकरांनी दीड भाकरी खाल्ली. मुसलमानांकडे कशाला, हे त्यांना त्या वेळी आठवलं नसावं. मला अर्धी आली. बांगडा होता.
बायका बाहेर आल्या. सखूचे डोळे सुजलेले, पण पान खाऊन ओठ लाल. मासूमानं तिच्या केसांत अबोलीचा गजरा माळला होता. गाडीत दोघी बहिणी मागे पाय खाली सोडून बसल्या आणि घर येईपर्यंत बोलत होत्या. मला एक शब्द ऐकू आला नाही. बैलांच्या घुंगरांचा आवाज फार होतो.

२८ डिसेंबर, सोमवार
हिला विचारलं, जेवण कसं होतं? म्हणाली, दुसऱ्याच्या हातचं होतं. गरम होतं.
मी म्हटलं, सखू कशानं रडली? ही तांदूळ निवडत होती. म्हणाली, मासूमाचंही एक गेलंय. तिनं विचारलं, तुझ्या बाळाचं नाव काय होतं. अजून कुणी विचारलंच नव्हतं तिला.
 मलाही नाव ठाऊक नाही. विचारावंसं वाटलं, पण आता कसं विचारणार.
एक मात्र आहे. शिवाची वेळ चुकली नसती तर हे झालंच नसतं. या दृष्टीनं पाहिलं तर प्लॅन वाया गेला असं म्हणता येणार नाही.

३० डिसेंबर, बुधवार
मंडळी बोटीनं परत गेली. पडावात चढताना सखूनं हिला मिठी मारली आणि सोडेना. पडाववाला ओरडायला लागला. पावसकरांनी माझा हात हातात घेतला. वाटलं, आता खोचक काही तरी बोलणार. म्हणाले, शिरधनकर, पुढच्या वर्षी पुन्हा येऊ. तीच सोय ठेवा.
म्हणजे त्यांनाही पसंत पडली! मी म्हटलं, अवश्य, माझ्याकडे लागलं.

१ जानेवारी १९५४, शुक्रवार
नववर्षाचा संकल्प: किल्ला पाहायला येणाऱ्या कुटुंबांना योग्य मार्गदर्शन करायचं. रत्नागिरीत या विषयाचा माझ्याइतका अभ्यास कुणाचाही नाही. बोटीवरून उतरणाऱ्यांना धक्क्यावरच सांगता येईल.
हिला बोलून दाखवलं. म्हणाली, येत्या रविवारी मी मासूमाकडे जाणार आहे, तिनं बोलावलंय, जेवायलाच. मी म्हटलं, उत्तम, गाडी ठरवतो. म्हणाली, सदूला मी सांगितलंय. मी म्हटलं, मग मी येतो सोबत. म्हणाली, तुम्ही तिथं बाहेर बसून काय करणार?


३ जानेवारी, रविवार
ही सकाळीच गेली. जरीकाठी लुगडं नेसून. माझ्यासाठी काय ठेवलंय ते विचारायचं राहिलं. तिचंही सांगायचं राहिलं असावं.
दुपार. शिंकाळ्यात ताक आहे. भात नाही. भात लावायला हरकत नाही, पण तांदूळ कुठल्या डब्यात असतो? एकात चिंच निघाली. एकात बटणं. एकात सखूच्या मुलीची लहानपणची टोपरी. तसाच झाकून ठेवला.
चूल पेटवली. धूर झाला, जाळ झाला नाही. डोळ्यांतून पाणी आलं. शेजारच्या चिमाकाकूंनी कुंपणावरून विचारलं, काय हो, घरात कुणी नाही का?
मी म्हटलं, आहे. मी आहे.
त्या म्हणाल्या, तेच विचारलं, कुणी नाही का?
ताक प्यालो. ही दिवेलागणीपर्यंत येईल.